बुर्गास तेवीस किलोमीटर अलीकडं

बल्गेरियातल्या कझानलिकच्या पेट्रोल पंपावर स्नेझानाची गाडी रांगेत सव्विसावी होती. एक्क्याण्णव सालचा जानेवारी. कुपनाशिवाय थेंब मिळत नव्हता आणि थंडीनं नाक गळत होतं. तेवढ्यात पुढच्या ट्रकमधून एक दाढीवाला उतरला आणि तिच्या काचेवर टकटक करायला लागला.

“बाई, गाडी चालवताय की शिलाई मशीन? मघापासून मागनं ऐकतोय.”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“तीच ओरडून सांगतेय ना! ही माल वाहायला केलेली लाडा गाडी. हिचं एक चाक एकदा फिरायला इंजिनाला साडेचारदा फिरावं लागतं. आखूड आखूड पावलं टाकत पळते बिचारी... मग दमणार आणि पिणारच.”

एरवी स्नेझानानं त्याला चांगलं झापलं असतं. पण त्या दिवशी तिचे डोळेच भरून आले. शनिवारी बारा वाजता बुर्गासच्या विवाह कार्यालयात तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं, झ्लाताचं लग्न होतं, आणि स्नेझाना होती कुमा, म्हणजे लग्नाची मानाची साक्षीदार. अंगठ्या कुमानं आणायच्या, सही कुमानं करायची. तिच्याशिवाय लग्न पुढं सरकत नाही. नवरा प्लामेन जहाजावरचा. त्याच संध्याकाळी त्याचं जहाज सुटणार, ते थेट आठ महिन्यांनी परतणार. आणि झ्लाताच्या पोटात पाचवा महिना.

“कुपनं सोळा लिटरची,” ती म्हणाली. “बुर्गास एकशे नव्वद किलोमीटर. ही शंभराला दहा पिते.”

त्यानं दाढी खाजवली. “म्हणजे तीन लिटर कमी... गाडी दोन दिवस माझ्या गॅरेजात ठेवा. माझं नाव रुमेन. एक्सल लांब ढांगेचा बसवतो, चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाच्या चारालाही कमी. आणि वर पाच गिअरचा बॉक्स. पाचवा म्हणजे ओव्हरड्राइव्ह. सपाटीला इंजिन नुसतं रमतगमत चालतं. शंभराला आठ.”

“नक्की?”

“नाही जमलं तर मी ढकलत नेईन.”

शुक्रवारी दुपारी ती गॅरेजवर गेली ती चीज भरलेली गरम, पापुद्र्यांची बनित्सा घेऊन. तो गाडीखाली होता. बाहेर आला, हात न पुसताच चीजचा घास घेतला आणि तिच्याकडं बघतच राहिला.

“काय झालं?”

“काही नाही... मीठ बरोबर आहे,” असं म्हणून परत गाडीखाली.

शनिवारी नऊला ती निघाली, तर हा शेजारच्या सीटवर येऊन बसला.

“तू कुठं निघालास?”

“नवीन एक्सल एकटा सोडत नाही मी.”

“एक्सल? की...”

“रस्त्याकडं बघ.”

पण रस्ता होता कुठं? दरीभर दुधासारखं धुकं. गावाची पाटी दिसेना की झाड दिसेना. दिसायचा तो फक्त वेगाचा काटा आणि त्याखालचा किलोमीटरचा आकडा. “पासष्टच्या वर जायचं नाही,” रुमेननं बजावलं. “त्याच्यावर गेलीस की वाराच पेट्रोल पितो.”

एका चढाला तिनं पाचवा तसाच ठेवला. गाडी हुंदके द्यायला लागली. रुमेनचा हात झटकन तिच्या हातावर आला आणि त्यानं चौथा टाकला.

“चढाला पाचवा नाही गं! लांब ढांगा सपाटीला. चढावर त्यानं छाती फुटते. मग पाय दाबून दाबून उलट जास्तच पेट्रोल जातं.”

“कळलं. हात काढ की आता.”

“हां... काढतो.”

काढला, पण सावकाश.

आकडा एकशे दहावर आला आणि पेट्रोलचा लाल दिवा पेटला. स्नेझानानं दिव्याकडं बोट केलं. “दिवा लागला म्हणजे सहा लिटर राहिलं, हो ना? म्हणजे एकशे दहाला दहा लिटर गेलं! हे आठ आहे का तुझं? सांग!”

रुमेन बोटांवर मोजत राहिला.

“अजून ऐंशी किलोमीटर आहे, रुमेन! तिकडं झ्लाता पोट सांभाळत उभी असेल... मी तुझ्या गप्पांवर विश्वास ठेवला.”

“माझं गणित चुकत नाही,” तो म्हणाला, पण आवाज खाली गेला होता. “उताराला गिअरमध्येच राहू दे. पाय हलका ठेव.”

कोटाच्या खिशातली अंगठ्यांची डबी तिच्या मांडीला टोचत होती. एकशे साठ... एकशे पासष्ट. पेट्रोलचा काटा पार तळाला टेकला.

“पंचवीस राहिले,” ती म्हणाली. “संपलं सगळं.”

“मी ढकलीन.”

“पंचवीस किलोमीटर?”

“म्हणालो होतो ना.”

ती रडता रडता हसली. आणि तेवढ्यात समोरच्या धुक्यातनं एक सीगल पांढरं पोट दाखवत वर गेला. पाठोपाठ खारट वास आला, आणि मग बंदराच्या क्रेन.

“हे... बुर्गास?” तिनं आकड्याकडं बघितलं. एकशे सदुसष्ट. “तेवीस किलोमीटर गेले कुठं?”

रुमेननं कपाळावर हात मारून घेतला. “पिल्लू! बॉक्समध्ये स्पीडोमीटरचं एक छोटं गिअर असतं, किलोमीटर मोजणारं, आम्ही त्याला पिल्लू म्हणतो. ते जुन्या एक्सलचंच राहिलं! चाक जास्त फिरतंय आणि ते कमी मोजतंय. अगं, आपण एकशे नव्वद आलो. आठच पडले शंभराला!”

“ते बदलायचं कसं विसरलास?”

“हातातच होतं, शुक्रवारी. तेवढ्यात तू बनित्सा घेऊन आलीस.”

बाराला दहा कमी असताना ते कार्यालयात शिरले. झ्लातानं गळ्यात पडून हंबरडा फोडला. पण संकट सरलं नव्हतं. झ्लाताचा भाऊ कुम, म्हणजे दुसरा साक्षीदार होणार होता, आणि त्याची रेल्वे बर्फात अडकली होती. नवऱ्याची आई, स्तोयांकामावशी, हिनं रुमेनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“हा उभा राहील. हात काळे आहेत, चालतंय.”

“मी नाही,” रुमेन म्हणाला.

अधिकारीण घड्याळाकडं बघायला लागली. स्नेझानाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “इथवर आलास आणि आता नाही म्हणतोस? बारा वाजतायत, रुमेन! कारण तरी सांग!”

तो टोपी पिळत राहिला. “आमच्याकडं... एका लग्नात जे कुम आणि कुमा म्हणून उभे राहतात ना, ते भावाबहिणीसारखे होतात. त्यांचं पुढं एकमेकांशी लग्न होत नाही.”

एक क्षण कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना. मग झ्लाता पोट धरून हसायला लागली. स्तोयांकामावशीनं जहाजावरच्या जाड्या आचाऱ्याला दंडाला धरून पुढं ओढलं. “तू ये रे! तुला तीन पोरं आहेत, तुला काही धोका नाही.”

स्नेझानानं डबी उघडली. आचाऱ्याच्या खांद्यावरून तिनं मागं बघितलं, तर रुमेन भिंतीला टेकून उभा, जीव मुठीत धरल्यासारखा.

“परत जायला पेट्रोल नाही,” ती हळूच म्हणाली. “पुढची कुपनं महिनाअखेरीला. तोवर इथंच राहावं लागणार... तुला चालेल?”

“पिल्लू बदलायलाच मला आठवडा लागेल,” रुमेन म्हणाला.

“सावकाश बदल,” स्नेझाना म्हणाली, आणि सही करायला वळली.