शिक्का नसलेलं चित्र

खोटं वाटलं तर वाटू द्या. फक्त खाली ‘भारी कल्पना आहे’ असं कोणी लिहू नका, हात जोडतो. ज्या घरात हे घडलं, तिथे मी स्वतः चार घास जेवून आलोय.

मँचेस्टर. ह्याच वर्षीचा नोव्हेंबर. आणि रात्र नव्हती बरं का... दुपारचे चार. इकडे ह्या महिन्यात चारलाच अंधारून येतं.

कस्तुरी माझी मावसबहीण. हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. घरात नवरा क्षितिज, सहा वर्षांची अन्वी आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, शशीताई.

कस्तुरीला चॅरिटी शॉप, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंची दुकानं, धुंडाळायचं भारी वेड. तिथेच तिला ते चित्र दिसलं. कॅनव्हासवर तैलरंग, पण धाटणी चिनी शाईचित्रांची. काळे, निळसर, रुंद फटकारे. डोंगर म्हणा, धुकं म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. मधोमध मोठी पांढरी जागा, मुद्दाम सोडलेली.

दुकानातली बाई म्हणाली, “चित्रकार इथलाच. म्हातारा चिनी गृहस्थ होता, वारला. चित्र पुरं झालं की ही माणसं कोपऱ्यात आपला लाल शिक्का मारतात. ह्याच्यावर त्याने मारलाच नाही.”

कस्तुरी हसली आणि चित्र घेऊन आली.

भिंतीवर टांगलं आणि आपण सगळे करतो तेच तिने केलं. नवा फ्रिज असो, नवी गाडी असो, आधी हळद-कुंकू! सासूबाई म्हणाल्या, “मधे नको गं, बिघडेल. खाली कोपऱ्यात लाव.”

तिने कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं.

बस्स. एवढंच केलं हो बिचारीने.

तिसऱ्या दिवशी ती ड्यूटीवरून लवकर आली. सासूबाई वर झोपलेल्या. खाली तैलरंगात घालतात त्या टर्पेंटाइनचा वास...

आणि आवाज.

खर्र... खर्र... ताठ ब्रश कॅनव्हासवर ओढावा तसा.

हॉलमध्ये अन्वी सोफ्यावर बसली होती. एकटी. हात मांडीवर, मान जराशी डावीकडे. एरवी ह्या पोरीच्या पायाला भिंगरी!

“अन्वी, काय करतेस गं?”

पापणीसुद्धा हलली नाही.

कस्तुरीची नजर सवयीने तिच्या छातीवर गेली. माणसाचे श्वास मोजणं हे तिचं रोजचं काम. मिनिटाला चार... ह्या वयाच्या पोरीचे वीस तरी हवेत.

मग आवाज थांबला. अन्वी टुणकन खाली उतरली.

“ममा, तो आजोबा म्हणतो, कीप स्टिल, हलू नको! माझे हात झाले. आता नाक.”

पांढऱ्या जागेत तीन नवे फटकारे होते. त्यांत ना चेहरा, ना हात. पण मान डावीकडे होती, हे कोणीही सांगितलं असतं. कस्तुरीने बोट लावलं...

रंग ओला होता.

क्षितिजने तिला वेड्यात काढलं. “दमली आहेस तू. सुट्टी घे.” तरी दुसऱ्या दिवशी तो घरी थांबला. चारच्या ठोक्याला अन्वी आपणहून सोफ्यावर जाऊन बसली. त्याने हाका मारल्या. उचलायला गेला. वीस किलोची पोर, पण तसूभर हलली नाही!

कस्तुरीला दुकानातल्या बाईचं शिक्क्याचं बोलणं आठवलं, ती कुंकू पुसायला धावली. ओलं फडकं झालं, साबण झाला. कुंकू जसंच्या तसं.

ते बघून सासूबाई ओरडल्या. “अगं, शिक्का आपणच मारून दिला की त्याला! अर्धं सोडून गेलेला माणूस तो. आता पुरं करायला बसलाय. आजच्या आज बाहेर काढ ते घरातून!”

त्याच संध्याकाळी चित्र दुकानात परत गेलं. सोमवारी विकलंही गेलं.

चित्र परत दिल्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता अन्वी कार्टून बघत आरडाओरडा करत होती. सासूबाईंनी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, शिरा केला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आठवडा गेला. जेवताना अन्वी म्हणाली, “ममा, नवीन घरात एवढी थंडी का आहे?”

“कुठलं नवीन घर, बाळा?”

“जिथे मी आहे. तिथे एक डॉग आहे. माझ्याकडे बघून भुंकतो.”

कस्तुरीच्या मनात एकच आलं.

चित्र दिलं खरं... पण त्याच्यात अर्धी पोर देऊन बसलो की काय?

ती दुकानात धावली, रडली, पाया पडायची बाकी राहिली. दुकानातली बाई इथल्या लाडिक रीतीने म्हणाली, “सॉरी लव्ह, कोणी नेलं ते आम्ही लिहून ठेवत नाही.” संपलं.

म्हणून हे लिहितोय. यूकेत कोणाच्या घरी, ऑफिसात, दवाखान्यात असं चित्र दिसलं, पांढऱ्या जागेत तीन फटकारे आणि खाली लाल ठिपका, तर त्याला हात लावू नका. लावू देऊ नका. मला फक्त कळवा.

आणि जरा घाई करा.

काल अन्वी रडत आली. तिथे कोणीतरी कापसाने चित्र साफ करतंय म्हणाली. चुरचुरतंय म्हणाली.

कस्तुरीने तिचे हात दिव्याखाली धरून बघितले. बोटांच्या टोकांवरच्या रेषा गेल्यात.

आज सकाळी तळव्यावरच्याही पुसट व्हायला लागल्यात.