बिननावाची हाक

महिपतरावांना जुन्या दगडांचं वेड. बायपासनंतर आठ महिने घरात कोंडलेला माणूस. डॉक्टरांनी 'आता फिरा' म्हणायचा अवकाश, सकाळच्या गाडीने त्यांनी रत्नागिरीहून खेड गाठलं. गोळ्यांचा डबा पर्समध्ये घेऊन सोनूबाई सोबत होत्याच. जन्मभर नर्स म्हणून राबलेली बाई, भुताखेतांना भीक घालणारी नव्हे. भीती एकच, हा माणूस हातचा जाईल ही.

खेडहून रिक्षाने अर्धा तास, मग पायऱ्या. डोंगराच्या पोटात कोरलेला भिक्खूंचा विहार. मधे चौक, तिन्ही बाजूंना मिळून सात खोल्या, प्रत्येकीत दगडी बाक. बाहेर भर दुपारच्या उन्हाने कातळ तापला होता, आत मात्र गारवा आणि वटवाघळांचा वास.

"एवढ्याशा बाकावर झोपायचे गो बिचारे!" महिपतराव हसले आणि डावीकडच्या खोलीत शिरले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. छातीत कळ आली असेल तर?

"अहो! चला, गाडी चुकेल!"

"आलो."

"आलो."

एक डावीकडून, एक समोरच्या कोपऱ्यातून. आवाज तोच, किंचित घोगरा.

समोरच्या खोलीतून महिपतराव बाहेर आले. शर्ट चुरगळलेला, हनुवटीवरचा व्रण जागच्या जागी. सोनूबाईंच्या जीवात जीव आला. आतून वाट असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दाराशी म्हातारा पहारेकरी दादू बसला होता. त्याने हळूच विचारलं, "बाय, हाक नावान मारलात काय?"

"नवऱ्याचं नाव कोण घेतं?"

दादूने त्यांच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "बिननावाच्या हाकेला कोणपण ओ देता. परत जावा. नावान मारा."

"गाडी चुकेल," नवरा म्हणाला.

सोनूबाई हसणार होत्या. पण पाय आपोआप मागे वळले. चाळीस वर्षांच्या संसारात उखाण्याबाहेर न आलेलं नाव त्यांनी मोठ्याने घेतलं.

"महिपत!"

"सोनू," डावीकडून दमलेला आवाज आला. "उठवत नाही गो मला."

त्या धावल्या. खोली रिकामी. चारी बाजूंना अखंड दगड, कुठे फट नाही. त्यांनी बाकावर हात ठेवला.

बाक कोमट होता.

सातही खोल्या त्यांनी धुंडाळल्या. हाका मारून घसा बसला. दादू बॅटरी धरून मागे फिरत राहिला. पुन्हा उत्तर आलं नाही.

समोरच्या खोलीतून आलेला तो दारात उभाच होता. "दगडात आवाज घुमतो," तो म्हणाला. बोलणं शहाण्या माणसाचं, चेहरा घरचा. त्याच्यासोबत जायला नकार दिला तर त्या सांगणार तरी कुणाला काय? पायऱ्या उतरताना सवयीने त्यांनी त्याची नाडी धरली. ठणठणीत. ऑपरेशननंतर इतकी एकसारखी नाडी त्यांच्या बोटांना कधी लागली नव्हती, आणि त्यांना रडू फुटलं.

गाडीत तो खिडकीशी बसला. बोगदे आले, गेले. त्यांनी गोळी पुढे केली, त्याने ती उलटसुलट पाहून गिळली. भास, उन्हाचा भास, सोनूबाई मनाशी घोकत राहिल्या. रत्नागिरी येईतो ते थोडं पटलंही.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे जायचं काका?"

तो अदबीने बाजूला सरला.

"तू सांग," तो सोनूबाईंना म्हणाला. "मी घर अजून पाहिलं नाही."