शिदोरी नसलेलं बीजुक

कराडच्या जागरण केंद्राच्या खिडकीपाशी सोमवारी सकाळी नेहमीसारखी रांग होती. कुणी आजेसासूच्या उतरंडीतला वाल आणला होता, कुणी वळचणीला सापडलेलं जोंधळ्याचं कणीस. केंद्रातली जागती पेटी वर्षानुवर्षं निजलेलं जुनं बियाणं उठवायला लागून सहा वर्षं झाली होती आणि लोकांना त्याचं नवल उरलं नव्हतं. डेअरीवर दूध घालायला जावं तसे ते येत, नंबर लावत आणि तीन दिवसांनी अंकुर घेऊन घरी जात.

हेमलताबाई रेडीज रांगेत न थांबता सरळ आत गेल्या. कॉलेजच्या वनस्पती संग्रहात त्यांची उभी हयात गेली होती. शुक्रवारी त्यांनी इथे एक जुना कागद दिला होता, त्यावर नेच्याचं, म्हणजे फर्नचं, एक वाळलेलं पान चिकटवलेलं होतं.

"मावशी, वाईट वाटतं सांगायला," पेटी चालवणारी नसीम मुजावर म्हणाली. "तुमचं बी उठलं नाही. साडेअकराला ताटली भट्टीत जाईल."

जुने रोग पसरू नयेत म्हणून तीन दिवसांत न उठलेलं बी जाळायचं, असा केंद्राचा नियम होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मी बी दिलंच नव्हतं, नसीम. पानाच्या पाठीवरची बीजुकं दिली होती."

"फॉर्मवर 'बी' एवढाच रकाना आहे. आणि फरक तो काय? बारीक बीच ना ते?"

नसीम यंत्रात हुशार होती, पण वनस्पतिशास्त्राशी तिचा संबंध भाजी निवडण्यापुरता. हेमलताबाईंना तिचा राग आला नाही. त्यांना नुसती भीती वाटली.

"बी म्हणजे आत झोपलेलं बाळ आणि त्याच्या उशाशी आईनं बांधून दिलेली शिदोरी," त्या म्हणाल्या. "म्हणून ते मातीखाली, अंधारातसुद्धा उठतं. नेच्याला फूल नाही, फळ नाही. तो पानाच्या पाठीवरून ही धूळ सोडतो. एकेक कण म्हणजे एकच पेशी. आत बाळ नाही, आणि शिदोरी म्हणावी तर जेमतेम एक घास. पहिल्या दिवसापासून उजेडावर कमवून खायचं. आणि तुझ्या पेटीनं त्याला तीन दिवस अंधारात कोंडलंय."

"दुसरं पान आणता येईल का?"

"नाही."

मग चाळीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं त्यांनी सांगितलं. संग्रहाचे प्रमुख कानडे सर यांनी कुंभारझरी नावाच्या झऱ्यावरून हे पान आणलं तेव्हा त्या नोकरीत नव्या होत्या. नेचा चिकटवताना पाठ वर ठेवायची, म्हणजे बीजुकांचे ठिपके दिसतात, ही तिथली पहिली शिकवण. त्यांनी छान दिसतं म्हणून पुढची बाजू वर ठेवली, आणि ओरडा बसेल म्हणून कागदच लपवला. पान कुजलं, असं सांगितलं. सर पुढचे तीन पावसाळे ते शोधत झरीवर गेले. तोवर वरच्या अंगाला खडीची खाण सुरू झाली होती आणि झरी आटली होती. असा नेचा कुठल्याच पुस्तकात नाही, एवढंच म्हणत सर गेले.

"संग्रहातल्या बाकीच्या प्रत्येक पानाला कीड लागू नये म्हणून विष पाजलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांची बीजुकं केव्हाच मेली. हे लपवलेलं तेवढं राहिलं. माझ्या खोटेपणानं राहिलं, नसीम, आणि त्याची मला लाज वाटते."

केंद्राचे साहेब पुण्याला गेले होते, विचारायला कुणी नव्हतं. नसीमनं पेन घेतलं, फॉर्मवरचं 'बी' खोडलं आणि शेजारी हातानं 'बीजुक' असं लिहिलं.

"न उठलेलं बी जाळा, असा नियम आहे," ती म्हणाली. "बीजुकाबद्दल नियमात काहीच लिहिलेलं नाही. साहेब आले की माझं मी बघेन."

ताटली भट्टीऐवजी खिडकीतल्या दिव्याखाली गेली. साहेबांनी नसीमला लेखी खुलासा मागितला, पण ताटली हलवली नाही. हेमलताबाई रोज दहाच्या बसनं येत, भिंगातून बघत आणि परत जात. पंधरा दिवस गेले, वीस गेले. तेविसाव्या दिवशी ताटलीत मोहरीहून बारीक असा एक हिरवा ठिपका होता. हेमलताबाईंनी भिंग खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले.

"नाव काय लिहू?" नसीमनं फॉर्म पुढे ओढला.

"कानडे सरांचं लिही. त्यांचाच आहे तो."

नसीमनं लिहिलं. "आता याला पानं कधी येणार?"

"दोनेक वर्षं लागतील. आधी नखाएवढा हिरवा तुकडा होईल. त्याच्यावर पाण्याचा थर राहिला तरच त्यातून नेचा उभा राहतो. बारा महिने थेंब थेंब ठिबकणारं पाणी लागतं त्याला."

"मग झरीवरच नेऊन लावू की."

हेमलताबाईंनी ताटली दिव्याखाली नीट सरकवली. गेल्याच आठवड्यात त्या रिक्षा करून तिकडे जाऊन आल्या होत्या. कुंभारझरीच्या जागी आता चाळीस फूट खोल खड्डा होता आणि त्याच्या तळाशी पांढरी धूळ. एवढी वर्षं ज्याच्या भरवशावर हे झोपून राहिलं, ते पाणीच आपण राखलं नाही. आता उठवलं तर आहे, पण याला न्यायचं कुठे?