भातशेतात उभी बोट

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला आली की घाट चढायला तिला मागून इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. भिवाजीची सगळी नोकरी त्या बँकरवर गेली. गाडी लोणावळ्यापर्यंत ढकलत न्यायची आणि सुटं इंजिन घेऊन खाली यायचं. लोक पुढे जायचे, तो परत यायचा. त्यामुळेच असेल, रेल्वेचा पास हातात पडला की त्याचा पाय घरात ठरत नसे. बायकोला, पारूला, घेऊन तो निघायचा. द्वारका झाली, पुरी झाली, रामेश्वर, बद्रीनाथ झालं. शिळफाट्याला भांडी विकायचं-झाळायचं दुकान असलेला सोमा आणि त्याची बायको जानकीबाई कायम बरोबर. हळूहळू कर्जत-खालापूरकडची आणखी जोडपी येऊन मिळाली आणि दर वर्षीची एक मंडळीच झाली.

नवी बस किंवा नवी धर्मशाळा पसंत करायचं काम भिवाजीकडे असे. तो चाकं बघायचा, ब्रेक बघायचा, नळाला पाणी आहे का बघायचा. पण शेवटचा शब्द पारूचा. ती काहीच बघायची नाही. आत जाऊन आडवी व्हायची. झोप लागली तर गाडी बरी, नाही लागली तर दुसरी शोधा. आणि तिची झोप बाहेर उभ्या माणसाला कळायची, कारण ती घोरायची. एक लांब ओढ, आणि शेवटी बारीक शिट्टी.

"वहिनीनं बँकर लावली रं," सोमा म्हणायचा. "चढवा सामान."

शेवटची यात्रा काशीची. तिथून परत आल्यावर मावंद्याचा दिवस ठरवायचा होता. मावंदं म्हणजे गंगेच्या गडूची पूजा करायची, त्याच्या झाकणाची कथलाची झाळ फोडायची, सगळ्यांना तीर्थ द्यायचं, जेवण घालायचं. त्याशिवाय यात्रा पुरी झाली असं कुणी धरत नाही. तो दिवस ठरायच्या आतच पारूला ताप भरला आणि ती गेली. तांब्याचा गडू देव्हाऱ्याशेजारी तसाच बंद राहिला. दिवस-कार्य आटोपल्यावर लोकांनी आठवण केली. भिवाजी "करू" म्हणायचा. करायचा नाही. मावंदं झालं की यात्रा संपली, आणि यात्रा संपली की तिचं त्या घरातलं शेवटचं काम संपलं, असं त्याला वाटायचं. हे तो कुणाला बोलला नव्हता. रोज सकाळी गडू पुसायचा आणि परत जागेवर ठेवायचा.

वर्ष उलटलं. भातं कापून झाली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती. अशात सोमा एका सकाळी भिसेगावात भिवाजीच्या घरी आला.

"चल, तुला बोट दाखवतो," तो म्हणाला.

"बोट बघायला भाऊच्या धक्क्याला जायचं?"

"चौकला."

"चौकला कुठली आली बोट? डोकं फिरलं काय तुझं?"

"फिरलं तर फिरलं. उभी हाय गॅरेजच्या मागं."

गोष्ट खरी होती. पनवेलच्या एका जयवंतशेठनं देशावरच्या कुठल्याशा धरणावरची जुनी लाँच विकत घेतली होती. ट्रेलरवर घालून ती समुद्राकडे नेताना चौकजवळ ट्रेलरचा आस मोडला. मग शेठनं लाँच तिथंच उतरवून घेतली आणि जागेवरच सुतार लावून तिच्यात खोल्या बांधायला काढल्या. कोकणची मोठी आगबोट तेव्हा चालू होती, पण तिच्यात गर्दी, ओकाऱ्या, पत्र्याच्या पेट्यांवर बसून काढलेली रात्र. शेठला थोडीच माणसं घेऊन किनाऱ्यानं सावकाश जायचं होतं. हर्णै, दाभोळ, जयगड, पुढे मालवण. ज्यांचं सगळं बघून झालंय अशी मुरलेली माणसं त्याला हवी होती.

"म्हंजे आपणच की," सोमा म्हणाला. "मंडळी सांगतात, भिवाजी हो म्हणंल तर जाऊ. नायतर नाय. पाण्यावरनं आपण कधी गेलो नाय रं."

"पारू असती तर..." भिवाजी म्हणाला.

"म्हणून तर तू बघ."

भिवाजी दुसऱ्या दिवशी एसटीनं एकटाच चौकला गेला. गॅरेजमागे कापलेल्या भाताची खुंटं होती आणि त्यात जाड ठोकळ्यांवर ती लाँच उभी होती. पांढरा रंग, खाली तांबडा पट्टा. पलीकडे रस्त्यावरून ट्रक जात होते. शेठ तरुण होता, बोलायला मऊ. भिवाजीनं सगळं विचारलं. पिण्याचं पाणी किती, संडास कुठं, बोट हाकणारा तांडेल कोण, वारा सुटला तर बंदर किती लांब, तरंगायची जाकिटं आहेत का. सगळ्याची उत्तरं नीट मिळाली. इंजिन त्यानं स्वतः हात घालून बघितलं. इंजिन चांगलं होतं.

शेवटी तो मागच्या खोलीत गेला. दोघांपुरता रुंद बाक, वर गोल खिडकी, ताज्या लाकडाचा वास. पारू आडवी झाली असती म्हणून तो आडवा झाला. बायको गेल्यापासून दुपारची झोप त्याला येत नव्हती. इथं आली. झोपेत सगळं सावकाश हलत होतं, डावीकडे, उजवीकडे. जागा झाल्यावर त्यानं विचार केला, हायवेचे ट्रक. पण तो बाकाच्या अगदी कडेला सरकून झोपला होता. भिंतीकडची जागा मोकळी होती.

खाली उतरला तेव्हा शेठ हसत होता.

"काका, झोप झ्याक लागली की. काय घोरता तुमी! शेवटाला शिट्टी बी वाजते."

भिवाजी घोरत नसे. पारू त्याला म्हणायची, तुमी झोपलात की नाकाशी सूत धरून बघावं लागतं.

घरी येऊन त्यानं सोमाला एवढंच सांगितलं, "बोट धड हाय. पण तू आणि वहिनी एकदा बघा."

मग तिघं मिळून गेले. जानकीबाई सगळ्या बोटीला नाक मुरडत फिरली. "न्हाणी हाय का फडताळ? आत शिरले तर मलाच बाहेर ओढून काढावं लागंल," ती म्हणाली. शेठ हसला. जेवायची वेळ झाली होती, सुतार आणि तो ढाब्याकडे गेले.

"आता पारूवहिनीचं काम तू कर," सोमा बायकोला म्हणाला. "जा, पड जरा."

"पडते. पण मला हसायचं नाय."

ती शिडी चढून आत गेली. भिवाजी आणि सोमा गॅरेजच्या सावलीत विडी ओढत बसले. भातावरचे पक्षी दाणे टिपत होते. थोड्या वेळानं बोटीतून घोरण्याचा आवाज आला. लांब ओढ, आणि शेवटी बारीक शिट्टी.

सोमाला हसू फुटलं. "बघ रं! हिनं बी बँकर लावली. आता..."

"कुणाला हसताय?" मागून जानकीबाई म्हणाली.

ती गॅरेजच्या पलीकडून येत होती. पदराला ओले हात पुसत होती.

"आत लई उकडलं. म्हणून मागच्या शिडीनं उतरले, नळावर तोंड धुतलं," ती म्हणाली.

आवाज चालूच होता. ओढ. शिट्टी. ओढ.

जानकीबाईनं तो ओळखला. सोमाच्या हातातली विडी विझली तरी त्यानं ती टाकली नाही. आत जाऊन बघू, असं तिघांपैकी कुणीच म्हणालं नाही. शेठ आणि सुतार परत येताना दिसले तेव्हा आवाज बंद झाला.

परतीच्या एसटीत तिघं एका बाकावर बसले. मग जानकीबाई हळूच म्हणाली, "भावजी, तिची यात्रा राहिलीय. आपण तिला अर्ध्या वाटेवर ठेवलंय. मावंदं करा."

"आणि बोट?" भिवाजीनं विचारलं.

सोमा खिडकीबाहेर बघत होता. "तिनं तर पसंत केली," तो म्हणाला. "तू हो म्हण, आमी येतो. तुला एकट्याला नाय सोडायचो."

"मी बी येईन," जानकीबाई म्हणाली. "फकस्त त्या खोलीत मला झोपवू नका."

भिवाजीला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. तो म्हटला की त्या खोलीत, त्या बाकावर, तो आवाज शेजारी असणार. पण त्या शब्दावर सोमा येणार होता आणि जानकी येणार होती. त्यांच्या पाठोपाठ सगळी मंडळी, त्याच्या भरवशावर, पाण्यावर. ती बोट कशी आहे ते त्याला आता माहीत होतं, आणि माहीत नव्हतंही. नाही म्हटलं, मावंदं केलं, तर सगळं रीतीनं संपणार होतं. तेच त्याला नको होतं.

शेठचा निरोप आला. ट्रेलर दुरुस्त झाला, उद्या बोट हलवतोय, काय ते कळवा.

भिवाजी भर दुपारी चौकला पोचला. शेठ आणि सुतार जेवायला गेले होते. गॅरेजात कुणी नव्हतं. तो खुंटं तुडवत बोटीपाशी गेला आणि थांबला.

आवाज येत होता.

तो ऐकत उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यानं पुसलं नाही.

"पारू," तो म्हणाला.

आवाज थांबला.

आत लाकूड करकरलं. कूस बदलल्यासारखं. तो उशिरा पाळीवरून घरी आला की ती झोपेतच भिंतीकडे सरकायची, त्याला जागा करून द्यायची. तसंच करकरलं.

त्यानं शिडीला हात लावला. लाकूड गार होतं, ओलं होतं. त्यानं एक पाय वर ठेवला.

शिडी त्याच्या पायाखाली सावकाश वर गेली. मग खाली आली. मग पुन्हा वर.

त्यानं खाली बघितलं. ठोकळे जमिनीत घट्ट होते. खुंटं कोरडी होती.

त्याला वर जायचं होतं. पाय उचलेना. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, एक पाय शिडीवर, एक मातीत. मग त्यानं शिडीवरचा पाय खाली घेतला.

"काय ठरलं, काका?" मागून शेठ आला होता.

"बोट चांगली हाय," भिवाजी म्हणाला. "आमच्या मंडळीला नाय सोसायची."

"मंडळी राहू द्या. तुमी तरी या. ती मागची खोली तुमाला देतो."

"एकट्यानं मी कधी परवास केला नाय, शेठ."

तो वळला आणि स्टँडपर्यंत चालत गेला. मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बोट पनवेलकडे गेली आणि खाडीत उतरली, असं सोमानं कुणाकडून तरी ऐकलं.

त्याच आठवड्यात भिवाजीनं मावंदं केलं. सगळी मंडळी आली. बायका सकाळपासून पुरणावर बसल्या होत्या. ओटीवर जुन्या यात्रांच्या गोष्टी निघाल्या, कोण पुरीला हरवला होता, कुणाची चप्पल बद्रीनाथला माकडानं नेली. पारूचं नावही निघालं, आणि लोक तिच्या घोरण्यावर हसले. भिवाजीही हसला. सोमा आणि जानकीबाई हसले नाहीत.

गडूची पूजा झाली. झाळ सोमानं फोडायची ठरलं होतं, त्याच्या रोजच्या कामातलं ते. त्यानं गडू उजेडात धरून चहूकडून फिरवला.

"काशीला झाळली तश्शी हाय," तो म्हणाला. "कुणी हात नाय लावलेला."

त्यानं कथील तापवून काढलं, झाकण उचललं. भिवाजीनं पळीनं एकेकाच्या हातावर तीर्थ दिलं. लोकांनी डोळे मिटून घेतलं, हात डोक्यावरून फिरवला. मग एकेक जण दुसऱ्याकडे बघू लागला. जानकीबाईनं जिभेला लागलेलं पुन्हा चाखलं.

"भावजी," ती म्हणाली. "खारट हाय."

भिवाजीनं आपल्या हातावर थोडं घेतलं. ओठाला लावलं.

लोक पानावर बसायला उठले. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, तांबं उतरलं असंल. वाढपाची गडबड सुरू झाली. भिवाजी एकटा देव्हाऱ्यापुढे बसून राहिला. सारवलेल्या सपाट जमिनीवर पाट होता, पाटावर उघडा गडू. गडूला कुणाचा धक्का लागला नव्हता. आतलं पाणी सावकाश एका काठाकडे चढत होतं, उतरत होतं, आणि दुसऱ्या काठाकडे जात होतं.

त्यानं दोन्ही हातांनी गडू घट्ट धरला. पाणी थांबलं नाही.