नवव्या मायक्रोफोनला ऐकू आलेला आवाज

१२ मे २०५१. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी हातोडा थांबला. हर्णैपासून साठ किलोमीटरवर, समुद्रतळाखालचा गॅस काढण्यासाठी लोखंडी खांब ठोकला जात होता. देखरेखीच्या बोटीवरून काम थांबवलं ध्वनिशास्त्रज्ञ डॉ. दत्ताराम तांडेल यांनी. खांबाभोवती पाण्यात सोडलेल्या नऊ मायक्रोफोनपैकी नवव्यावर आवाज मर्यादेबाहेर गेला होता आणि खांबापासून तीन किलोमीटरवर देवमाशाची मादी पिल्लासह फिरत होती. मोठ्या आवाजाने पिल्लाचे कान कायमचे निकामी होऊ शकतात.

"डॉक्टर, नऊपैकी आठ मायक्रोफोन शांत आहेत," मुख्य अभियंता कुंदा राऊळ रेडिओवर म्हणाल्या. "एकासाठी अडवता? चार दिवसांत समुद्र खवळेल. मग खांब दिवाळीनंतरच."

"नववा बिघडला असेल," बोटीवर डॉक्टरांशेजारी बसलेली त्यांची बारा वर्षांची नात शर्वाणी म्हणाली.

"तूही त्यांच्याच बाजूची?" आजोबा म्हणाले.

खांबाभोवती समुद्रतळावर भोकांची नळी गोल टाकली होती. तिच्यातल्या हवेने बुडबुड्यांचा पडदा उभा राही.

"बुडबुडे आवाज अडवतात कसे?" शर्वाणीने विचारलं.

आजोबांनी पाण्याच्या ग्लासवर चमचा मारला. टिंग. मग नुकत्याच ओतलेल्या सोड्याच्या ग्लासवर. ठप.

"पाणी सहज दाबलं जात नाही, म्हणून आवाज त्यातून लांब जातो. बुडबुड्यातली हवा दाबली जाते. आवाजाचा काही जोर त्यात संपतो, काही मागे फिरतो."

शर्वाणीने ड्रोनचं हातोडा चालू असतानाचं चित्र पाहिलं. पाण्यावर फेसाचं वर्तुळ होतं.

"आजोबा, खांब मधोमध नाही. कडेला आहे."

ओहोटीच्या प्रवाहाने (पाण्याच्या ओढीने) बुडबुडे पश्चिमेला वाहून नेले होते. किनाऱ्याकडून खांब उघडा पडला होता. नववा मायक्रोफोन तिथेच होता आणि मादीही त्याच बाजूला.

"मग ओहोटी बंद करू का, ताई?" रेडिओवर हे ऐकून राऊळ म्हणाल्या.

"नको. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं, तेव्हा ठोका," शर्वाणी म्हणाली.

"चाळीसच मिनिटं मिळतात. तीन हजार ठोके बाकी आहेत."

"मिनिटाला तीस, म्हणजे बाराशे. दोनदा आज, एकदा उद्या. पुरे."

"हिला आमच्याकडे पाठवा," राऊळ म्हणाल्या.

ओहोटी संपून पाणी थबकलं, तेव्हा दहा पन्नासला हातोडा सुरू झाला. नऊही मायक्रोफोन मर्यादेत राहिले.

दुसरी खेप पाच वाजता आहे. मादी दोन किलोमीटरच्या आत आली, तर हातोडा उचलायचा नाही, असा नियम आहे. पावणेपाचच्या नोंदीनुसार ती पिल्लासह दोन किलोमीटर शंभर मीटरवर आहे. अभियंता राऊळ दुर्बिणीतून तिच्याकडेच बघत आहेत.