तिसरा तुकडा

लंडनमध्ये पोलोनियम नावाच्या विषाने एक माणूस मेला, अशी बातमी पेपरात आली.

शेळी परसातलं सगळं खाते, कुंपण सोडून.

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलेलं एक जोडपं. फोटोमागे लिहिलंय, १९६९. दोघंही हसतायत.

प्लास्टिकच्या फिल्मचे तीन तुकडे, एकाच पातेल्यात, एकाच वेळी, गरम कॉस्टिक सोड्यात. दोन तुकड्यांवर खळगे उमटले. तिसरा जवळजवळ कोरा.

हा तिसरा तुकडा घेऊन क्षितिजा पाटील फेब्रुवारी २००७ मध्ये मैना भोईरच्या भिवंडीतल्या कचेरीत आली. खाली लूम खडखडत होते. सूतचोऱ्या पकडण्यात मैनाचं नाव होतं. चिंधू तिचा मदतनीस. वीस वर्षं लूम दुरुस्त करून त्याला ऐकू जरा कमी येई, आणि कळायलाही जरा वेळ लागे.

"कॉलेजचे सर म्हणतात, तिसरा नमुना मी ठेवलाच नाही, नुसतं लिहिलं. सोमवारपर्यंत उत्तर दिलं नाही तर प्रोजेक्ट रद्द. वर्ष बुडणार."

"नमुने कसले?"

"तंबाखूचे. त्या पानावर चिकट लव असते. हवेतले किरणोत्सारी कण तिला चिकटतात, काही खतातून येतात. तेच लंडनवालं पोलोनियम, अगदी किंचित. विडी पेटली की धुराबरोबर फुफ्फुसात जाऊन बसतं. चुरा महिनाभर फिल्मला लावून ठेवायचा, मग फिल्म गरम कॉस्टिकमध्ये धुतली की बारीक खळगे दिसतात."

चिंधूने ओठांतली न पेटवलेली विडी हळूच खिशात टाकली.

"पहिला नमुना पडघ्याच्या लडकूच्या दुकानातली सुटी तंबाखू. दुसरा बाजारचं बंडल. तिसरा माझ्या आजीने वळलेल्या विड्या. आजोबा चाळीस वर्षं तिच्याच हातची ओढतात. आजी दिवाळीत गेली, पण डबा भरून ठेवून गेली."

"त्यांनी दिल्या?"

"बंडलातल्या देत होते. डब्यातल्या मी गुपचूप उचलल्या."

फिल्म धुणारा भावेश कॉलेजातच भेटला. "मॅडम, पातेलं एक, टायमिंग एक. माझी चूक असती तर तिन्ही कोऱ्या निघाल्या असत्या ना?"

"ह्यानेच फिल्म बदलली," चिंधू जिन्यात कुजबुजला.

"नंबर फिल्मवरच कोरलेत. क्षितिजाच्या अक्षरात."

पडघ्याला लडकू उखडलाच. "पोरीची आजी, आमची कमळावहिनी, मरेपर्यंत महिन्याला पाव किलो न्यायची. माझी तंबाखू कोरी? तुमच्या फिल्मला डोळं न्हाईत!"

क्षितिजा दोघांना घरी घेऊन गेली. तिचे आजोबा, केसरीनाथ, ओटीवर बसले होते. मागे भिंतीवर अकलोलीचा फोटो. कुंपणाला पांढरी फुलं, आत शेळी. त्यांनी चिंधूला बंडलातली विडी दिली, स्वतः डब्यातली पेटवली.

"लूमवरून आलो की वंजळीत पाच इड्या ठेवायची. गुलाबी दोरा माझ्याच लूमचा. पूर्वी माझ्या खोकल्यानं आळी जागी व्हायची. आता बघ, माडीवर धावत चढतो."

"बाबा, घरच्या हातची चाखू द्या की," चिंधू म्हणाला.

केसरीनाथांनी डब्याचं झाकण लावलं. "ती न्हाय."

चिंधूला वाईट वाटलं. रात्रपाळीत एक विडी चौघांत फिरायची. लूम भंगारात गेले आणि माणसंही चिक्कू झाली.

मैना परसात फिरून आली. मागच्या चुलीवर तिला एक छोटा, काळाकुट्ट तवा दिसला होता.

"लडकूची तंबाखू चोरली कोणी, तेवढं सांगा," चिंधू म्हणाला.

"कोणीच नाही. फिल्म खरी, कॉस्टिक खरं, भावेशही खरा. मग उरलं पान. ह्या डब्यात तंबाखूच नाही. शेळी परसातलं सगळं खाते आणि ज्याला तोंड लावत नाही, त्या कुंपणाचा पाला आहे. अडुळसा, खोकल्यावरचा; त्याला ना चिकट लव, ना खत. वाळवून, गुळाच्या पाण्याने काळपट केलेला. कधी विडी न ओढलेल्या पोरीला कसा ओळखू येणार?"

"आणि पाव किलो तंबाखू?" चिंधूने विचारलं.

"मागच्या तव्यावर भाकरी होत नाही. त्यावर तंबाखू जाळून मिसरी करतात. ती कमळाबाई स्वतः दातांना लावायच्या."

क्षितिजा आजोबांकडे वळली. "म्हणजे आजीने तुम्हाला एवढी वर्षं फसवलं?"

"मुळीच नाही," मैना म्हणाली. "दारी आलेल्याला आपल्यातली विडी द्यायची, हा इथला रिवाज. एवढ्या मोकळ्या मनाचा माणूस पाहुण्यांसाठी वेगळं बंडल का बाळगतो? पाहुणा एका झुरक्यात ओळखील आणि कमळाबाईंसमोर बोलून जाईल, म्हणून."

केसरीनाथांनी फोटोकडे बघितलं.

"खोकला वाढला तवा तिनं पान बदललं. पयल्याच झुरक्याला कळलेलं. कडू जहर. पण ती दारात हुबी राहून बघायची, वढतो का न्हाय. वढली."

"तिला कधी बोलला नाहीत?" क्षितिजाने विचारलं.

"कशाला? दहा वर्षं ती मनात हसली, मी माझ्या मनात."

"मग मी सरांना काय सांगू, आजोबा? हे लिहू?"

"लिव. वर्ष कशाला बुडवतेस? पण नाव घाल तिचं. इडी वळणारी, कमळा केसरीनाथ पाटील."

मग त्यांनी डबा उघडला. तळाशी थोड्याच विड्या उरल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी चिंधूपुढे धरली. चिंधूने झुरका घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, ही इडी हाय का काढा?"

"वढ गपचीप," केसरीनाथ म्हणाले. "ती बघत आसंल."

कमळाबाई तोंडाच्या कॅन्सरने गेल्या.