टिकली लावलेला बांगडा

टोपल्या सात होत्या. तीन टोपल्यांच्या काठावर निळी टिकली, दुसऱ्या तिनांच्या काठावर लाल, आणि पापलेटांच्या टोपलीला काहीच नाही.

पनवेलच्या मच्छी मार्केटमधला हा २०१२च्या सप्टेंबरचा एक रविवार. पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. मी तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. कशावर खूण दिसली की तिचा अर्थ विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

"मावशी, लाल टिकली म्हणजे शिळं का हो?"

कोळीणबाईंचे दोन्ही हात कमरेवर गेले. "सकाली सकाली कुनाला शिलं बोलतंस गो? परेश! सांग हिला. तुजी करणी हाय."

बर्फाच्या पेटीमागून एक तरुण उठला. हातात पुस्तक. चष्म्याच्या काचेवर माशाचं एक खवल चिकटलेलं.

"सॉरी... ते माझं आहे. फ्रेंच शिकतोय. निळी टिकली पुल्लिंगी, लाल स्त्रीलिंगी. येता-जाता दिसलं की पाठ होतं."

"चिंबोरीला निळी? अहो, ती चिंबोरी."

"फ्रान्समध्ये गेली की तो होतो."

"आणि पापलेट?"

"पुस्तकात सापडत नाही. त्यांच्या समुद्रात नसावं."

"मराठीत नपुंसकलिंगी आहे."

"त्यांच्यात तिसरं लिंगच नाही. म्हणून बिचारं बिनटिकलीचं."

"लिंगं मागून मोजा," कोळीणबाई, म्हणजे त्याची आई सोनाबाई, म्हणाल्या. "आधी भवानी कर, बाय."

भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. मी म्हटलं, "आधी काट्यावर शून्य दाखवा."

परेशने हसत ताटली पुसली. "शून्य. बसला विश्वास?"

"विश्वास नको. मोजमाप हवं."

त्या दिवशी टोपल्या दुपारच्या आत रिकाम्या झाल्या. माझ्या हाताला गुण आहे, असं सोनाबाईंनी ठरवून टाकलं. मग दर रविवारी मी येईपर्यंत त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला हात लावू देईनात. मायलेक मोऱ्याच्या धक्क्यावरून माल घेऊन यायचे. एरवी परेश बंदरातल्या कंटेनर यार्डात नोकरीला. फ्रेंचची परीक्षा पास झाला, तर कंपनी त्याला वर्षभर मार्सेलला पाठवणार होती.

मी त्याच्याकडून फ्रेंच शब्द म्हणून घ्यायला लागले. तो कोळंबी सोलता सोलता उत्तरं द्यायचा.

"इंग्रजांना वस्तूचं काही पडलेलं नाही," एकदा तो म्हणाला. "सगळ्या मासळीला 'इट'. मालक बाप्या असला तर 'हिज', बाई असली तर 'हर', की झालं. फक्त बोटीचा तेवढा लाड. तिला 'शी' म्हणतात."

"बोटीला शी बोलतात?" सोनाबाई म्हणाल्या. "नाक नाय का त्यांना?"

"आणि फ्रेंच?" मी हसू आवरत विचारलं.

"ते वस्तूचं लिंग बघतात, मालकाचं नाही. 'सा मेर' म्हणजे त्याची आई. तिची आईसुद्धा 'सा मेर'च."

"आपण दोन्ही बघतो. 'तिचा बांगडा' म्हटलं, तर 'ति' मालकिणीचा आणि 'चा' बांगड्याचा."

त्याचे हात थांबले. "आमच्या सरांना हे सुचलं नाही."

"सरांनी बांगडा घेतला नसेल."

"म्हणजे मी 'सा मेर' म्हणून आईकडे बोट दाखवलं, तर..." तो हळूच म्हणाला, "ही त्याची आई की तिची, ते फ्रेंच माणसाला कळायचंच नाही."

मी तारल्यांच्या टोपलीकडे बघत राहिले. पाऊस असूनही कान गरम झाले होते.

त्याची उत्तरं बरोबर यायला लागली. प्रत्येक बरोबर उत्तराला मला आनंद व्हायचा, आणि लगेच आत काहीतरी खचायचं. तो पास झाला की जाणार होता, आणि मीच त्याला पास करत होते! त्याच्याही ओठांवर काहीतरी यायचं—

"वसुंधरा, तुम्हाला एक... एक विचारायचं होतं."

"काय?"

"कोळंबी... साफ करून देऊ?"

तो पास झाला. जानेवारीत, त्याच्या जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी उजाडताच मार्केटात पोहोचले. आज आपणच विचारायचं, असं ठरवून. पापलेटांच्या टोपलीवर दोन टिकल्या होत्या, लाल आणि निळी, शेजारी शेजारी.

मी नोट पुढे केली. सोनाबाईंनी माझा हात मागे सारला.

"तुजी भवानी नको."

"का? काय चुकलं माझं?"

"चुकलं काय नाय. नको म्हंजे नको." आणि त्यांनी वाटेवरच्या एका अनोळखी माणसाला हाक मारली. "ओ दादा! बांगडे बगा!"

त्याची नोट त्यांनी कपाळाला लावली. मी बघत होते. म्हणजे यांना सगळं कळलंय, आणि ते यांना नकोय. मी पर्स बंद केली आणि वळले.

"चालली कुठं गो?" मागून आवाज आला. "घरच्या मानसाची भवानी धरत नाय आमी. या हातातून त्या हातात... ती काय इक्री झाली?"

मी परेशकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"आईला काल रात्री सांगितलं," तो म्हणाला. "तुला आज सांगणार होतो. क्रम... उलटा झाला."

"मला अजून कोणी काही विचारलेलं नाही."

"इचार रे बेगीन!" सोनाबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक खोलंबलंय."

"वसू, वर्षभर... थांबशील माझ्यासाठी?"

मी काट्याकडे बोट केलं. म्हटलं, "आधी शून्य दाखव."

त्याने ताटली पुसली. काट्यावर शून्य आलं. मग त्याने आपला हात ताटलीत उताणा ठेवला, आणि मी माझा त्यावर ठेवला.

आकडे थोडे हलले, मग थांबले.

नऊशे वीस ग्रॅम.